आणखी एक नग करायचा का?

सूक्ष्म अर्थशास्त्राच्या पहिल्या अभ्यासक्रमात मागणीचा भाग विद्यार्थ्यांना सहसा आवडतो. प्रत्येकाने काही ना काही विकत घेतलेलं असतं, भाव चढला की हात आखडता घेतलेला असतो, त्यामुळे तिथे स्वतःचा अनुभव मदतीला येतो. खर्च आणि पुरवठा सुरू झाला की वर्ग थंडावतो. काही तयार करून विकण्याचा अनुभव फार थोड्यांच्या गाठीशी असतो आणि त्यात पहिल्याच तासाला सात प्रकारचे खर्च अंगावर येतात: एकूण, स्थिर, बदलता, सरासरी एकूण, सरासरी स्थिर, सरासरी बदलता आणि सीमांत, म्हणजे आणखी एक नग करायला लागणारा. मग त्यांचे वक्र. मग कोणता वक्र कोणाला कुठे छेदतो ते. विद्यार्थी आकृती पाठ करतो, परीक्षेत ती नीट काढतोही. पण त्या आकृतीतली उत्पादनसंस्था नेमकं काय ठरवते आहे, असं विचारलं की गप्प होतो.

मी हा भाग ऑनलाइन शिकवते आणि मला तो तिथेच शिकवायला जास्त आवडतो. या प्रकरणाचा सगळा जीव एका प्रश्नात आहे: आणखी एक नग करायचा का? सात खर्च आणि त्यांचे वक्र हे त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी जमवलेलं साहित्य. पुरवठा वक्र म्हणजे हाच प्रश्न वेगवेगळ्या किमतींना विचारल्यावर मिळालेली उत्तरं. प्रश्न निर्णयाचा असेल तर प्रत्येकाने तो स्वतः घ्यायला हवा, शेजाऱ्याचं उत्तर कानावर पडण्याआधी. खोलीत भरणाऱ्या वर्गात पहिल्या बाकावरचा एक आवाज सगळ्या वर्गाचं उत्तर ठरवून टाकतो. पडद्यावरच्या वर्गात तसं होऊ न देणं माझ्या हातात असतं.

तासाआधी मी सगळ्यांना एक छोटा तक्ता पाठवते. साध्या मजकुरात, चित्र म्हणून नाही. नेटवर्क कितीही मंद असलं तरी मजकूर पोचतो, आणि मोबाइलच्या पडद्यावर चार वक्रांची आकृती वाचताच येत नाही. तक्त्यातली उत्पादनसंस्था अगदी लहान आहे. तिचा स्थिर खर्च ६०. एकही नग केला नाही तरी तो द्यायचाच आहे. पहिला नग करायला ४० लागतात, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २०, चौथ्याला ३०, पाचव्याला ५०, सहाव्याला ७० आणि सातव्याला ९०. वस्तूला मी मुद्दाम नाव देत नाही आणि चलनही लिहीत नाही. नाव दिलं की चर्चा त्या वस्तूच्या चवीढवीकडे, ब्रँडकडे वळते आणि आकडे मागे राहतात.

बाकी सगळं या आकड्यांतून विद्यार्थ्यांनीच काढायचं. सामायिक स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक गटाला एक ओळ. चार नगांचा एकूण खर्च १८०, म्हणजे सरासरी ४५. पाच नगांचा २३०, सरासरी ४६. सहांचा ३००, सरासरी ५०. ओळी भरत जातात तसं सरासरी खाली येऊन पुन्हा वर जाताना सगळ्यांना दिसतं. ‘यू’ आकाराचा वक्र काढायच्या आधी त्याचा आकार आकड्यांत भेटलेला असतो.

मग पहिला प्रश्न. बाजारात किंमत ७५ आहे, तुम्ही किती नग कराल? उत्तर टाइप करायचं, पण पाठवायचं नाही. मी सांगितलं की सगळ्यांनी एकदम पाठवायचं. चॅटमध्ये उत्तरांचा लोंढा येतो आणि त्यात दोन आकडे पुन्हा पुन्हा दिसतात: ४ आणि ६. चार म्हणणाऱ्यांचं म्हणणं स्पष्ट असतं. चार नगांना सरासरी खर्च सगळ्यात कमी आहे, प्रत्येक नगामागे ३० सुटतात, सहा नग केले तर २५च सुटतात, मग जास्त कशाला करायचे? हे उत्तर मला फार मोलाचं वाटतं. त्यात आळस नाही, बेसावधपणाही नाही. विचार करणारा माणूसच इथे अडकतो. मी एवढंच सांगते, दोन्हींचा एकूण नफा काढा. चार नगांना ३० प्रमाणे १२०. सहा नगांना २५ प्रमाणे १५०. पाचव्या नगाने ७५ आणले आणि ५० नेले. सहाव्याने ७५ आणले आणि ७० नेले. दर नगामागचा नफा घटत असतानाही एकूण नफा वाढत होता. सातवा नग ९० मागतो, म्हणून थांबायचं. सरासरी खर्च आणि निर्णय यांची फारकत इथे होते. ती ज्याला कळली त्याला पुढचं प्रकरण सोपं जातं.

दुसरा प्रश्न: किंमत ४०. आता चारपेक्षा जास्त नग कोणी सुचवत नाही, पण बरेच जण ‘शून्य’ लिहितात. कारण दिसतंच आहे. सरासरी खर्च कुठेही ४५च्या खाली येत नाही आणि किंमत ४० आहे, म्हणजे काहीही केलं तरी तोटा. तोटा कितीचा, हे मग बोलायला लागतं. चार नग केले तर १६० येतात, १८० जातात, तोटा २०. बंद ठेवलं तर ६० जातातच. कमी तोटा पत्करून चालू राहणं शहाणपणाचं असू शकतं ही गोष्ट ऐकून पटत नाही, आकडे मांडल्यावर पटते. किंमत २५ असेल तर मात्र चित्र पालटतं. तीन नग केले तर ७५ तोटा, चार केले तर ८०, आणि बंद ठेवलं तर ६०. आता बंद ठेवलेलं बरं.

एखादा चौकस विद्यार्थी इथे बरोबर जागी बोट ठेवतो. किंमत ३५ असेल तर पहिला नगच ४०ला पडतो. नियमाप्रमाणे तो करायचाच नाही. मग दुसरा कुठून येणार? ही शंका आली की मी तास तिथेच थांबवते, कारण बहुतेक पुस्तकं इथून घाईने पुढे जातात. पहिल्या नगात ५ जातात, पण दुसऱ्यात ५ मिळतात, तिसऱ्यात १५, चौथ्यात ५. चौघांचे मिळून बदलत्या खर्चाच्या वर २० उरतात आणि तोटा ६०वरून ४०वर येतो. म्हणजे प्रश्न दोन आहेत. काम सुरू ठेवायचं की नाही, आणि ठेवायचं तर कुठे थांबायचं. पहिल्याचं उत्तर सरासरी बदलता खर्च देतो, दुसऱ्याचं सीमांत खर्च. ‘सीमांत खर्चाचा, सरासरी बदलत्या खर्चाच्या किमान बिंदूच्या वर असलेला भाग म्हणजे पुरवठा वक्र’ हे लांबलचक वाक्य या दोन प्रश्नांना एकत्र बांधून झालेलं आहे. आमच्या तक्त्यात तो बिंदू ३० आहे. त्याच्या खाली पुरवठा शून्य, आणि त्याच्या वर किंमत जाताच एकदम चार नग. रेघ शून्यापासून हळूहळू वर चढत नाही, ती उडी मारते.

तिसरा प्रश्न मी काही न समजावता टाकते. स्थिर खर्च ६०वरून १०० झाला. आता ७५ किमतीला किती नग? बहुतेक जण कमी आकडा सांगतात, काही जण जास्त सांगतात: ‘खर्च वाढला, तो भरून काढायला जास्त विकावं लागेल.’ उत्तर सहाच राहतं. नफा १५०वरून ११०वर येतो, पण कोणत्याही एका नगाचं गणित बदललेलं नसतं. हे स्वीकारणं माणसाच्या मनाला जड जातं, आणि त्याचा पुरावा प्रयोगशाळेबाहेरचाही आहे. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नाट्यगृहाची हंगामी तिकिटं घेणाऱ्यांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकावं तशी सूट दिली होती. हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त प्रयोगांना आले. पैसे सगळ्यांचेच जाऊन चुकले होते आणि नाटकं तीच होती. गेलेला पैसा पुढच्या निर्णयावर बसून राहतो. विद्यार्थ्यांनी चॅटमध्ये ‘जास्त विकावं लागेल’ लिहिलं तेव्हा त्यांच्याही मनात तेच चाललेलं असतं. चुकलेल्या उत्तराबद्दल कोणाला ओशाळवाणं वाटू नये म्हणून हा अभ्यास मी त्याच तासाला सांगते.

संधीखर्चाबद्दल, म्हणजे एक गोष्ट निवडताना जी दुसरी हातची जाते तिच्या मोलाबद्दल, तर खुद्द अर्थतज्ज्ञांची परीक्षा झाली आहे. पॉल फेरारो आणि लॉरा टेलर यांनी अर्थतज्ज्ञांच्या वार्षिक संमेलनात जमलेल्या १९९ जणांना चार पर्यायांचा एक साधा प्रश्न विचारला. एका मैफलीचं फुकट तिकीट आहे. त्याच वेळी दुसरी मैफल आहे, तिचं तिकीट ४०ला आहे आणि त्यासाठी तुम्ही ५० द्यायला तयार झाला असता. पहिल्या मैफलीला जाण्याचा संधीखर्च किती? त्यांनी बरोबर धरलेलं उत्तर १०, म्हणजे सोडून दिलेला निव्वळ लाभ. ते २१.६ टक्के लोकांनी दिलं. डोळे मिटून पर्याय निवडला असता तरी २५ टक्के बरोबर आले असते. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. नंतर काहींनी असाही मुद्दा मांडला की संधीखर्चाची व्याख्याच पुरेशी घट्ट नाही, त्यामुळे इतर उत्तरांचंही समर्थन करता येतं. मी दोन्ही बाजू सांगते. अर्थशास्त्रातली एवढी मूलभूत कल्पना अजून वादात आहे हे कळल्यावर विद्यार्थी तिच्याकडे जास्त लक्ष देऊन बघतात.

इथवर एका उत्पादनसंस्थेची गोष्ट झाली. बाजाराचा पुरवठा दाखवायला मी व्यवहारांचा खेळ घेते. हा खेळ जुना आहे. एडवर्ड चेंबरलिन हार्वर्डमध्ये आपल्या वर्गात तो घेत असत. विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या वाटायच्या, कोणी विक्रेता, कोणी ग्राहक, प्रत्येकाच्या चिठ्ठीवर त्याचा खर्च किंवा त्याच्यासाठी वस्तूचं मोल. मग खोलीत फिरून जोडीजोडीने घासाघीस करायची. चेंबरलिन यांनी १९४८ साली त्याचे निष्कर्ष छापले: किंमत समतोलाला, म्हणजे मागणी आणि पुरवठा जुळतात त्या भावाला, जात नव्हती आणि व्यवहार सहसा अंदाजापेक्षा जास्त होत होते. त्या वर्गात बसलेल्या व्हर्नन स्मिथ यांनी पुढे १९५६ पासून पर्ड्यू विद्यापीठात स्वतःच्या विद्यार्थ्यांबरोबर हाच खेळ वेगळ्या नियमांनी घेतला. बोली सगळ्यांना ऐकू जाईल अशी लावायची आणि तोच खेळ लागोपाठ अनेक फेऱ्यांत खेळायचा. आता किमती समतोलाकडे सरकायला लागल्या. १९६२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि २००२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

ऑनलाइन वर्गात हे दोन्ही खेळ एका तासात मांडता येतात. खर्चाचा आकडा प्रत्येकाला खाजगी संदेशात जातो, चिठ्ठी चुकून कोणी वाचण्याची भीती नाही. आधी जोड्या करून त्यांना ब्रेकआउट रूममध्ये पाठवायचं. हा झाला चेंबरलिनचा बाजार, भिंतीपलीकडे काय भाव चाललाय ते कोणालाच कळत नाही. जास्त खर्चाच्या विक्रेत्याला योगायोगाने जास्त मोल देणारा ग्राहक भेटतो आणि व्यवहार होऊन जातो. किमती विखुरलेल्या राहतात. मग सगळ्यांना परत एका ठिकाणी आणून बोली उघड चॅटमध्ये लिहायला सांगायचं. हा स्मिथचा बाजार. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत किमती एका पट्ट्यात गोळा होतात, आणि पहिल्या खेळात विकू शकलेले काही जण आता रिकाम्या हाताने बसतात.

त्या रिकाम्या हाताने बसलेल्यांना मी पहिल्यांदा बोलायला लावते. का विकलं नाही? ‘किंमत माझ्या खर्चाच्या खाली होती.’ मग मी सगळ्या विक्रेत्यांचे खर्च चढत्या क्रमाने लावून स्क्रीनवर दाखवते. पायऱ्यापायऱ्यांची जी रेघ तयार होते तो पुरवठा वक्र. जो तो त्यात आपली पायरी शोधतो. ज्यांनी विकलं नाही त्यांच्याही पायऱ्या तिथे असतात, जरा वर, किंमत चढण्याची वाट बघत. वक्रावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे कोणीतरी आखलेली मर्यादा आहे: याच्या खाली मी देणार नाही. मालाच्या साठ्याशी पुरवठ्याची गल्लत विद्यार्थी कायम करतात. ‘किंमत वाढली म्हणून पुरवठा वाढला’ आणि ‘खर्च कमी झाला म्हणून पुरवठा वाढला’ यांतला फरक कितीही समजावला तरी निसटतो. या खेळानंतर तो निसटत नाही. किंमत वाढली तेव्हा वरच्या पायऱ्यांवरचे लोक बाजारात आले, पायऱ्या जागच्या जागी राहिल्या. खर्च कमी झाला तेव्हा पायऱ्याच खाली आल्या.

वक्र मी त्यानंतर काढते आणि वर्गासमोर, हाताने, टॅब्लेटवर काढते. तयार आकृती स्क्रीनवर आणून तिच्याकडे बोट दाखवण्यात मला अर्थ वाटत नाही. एका वेळी एक वक्र, आणि प्रत्येक बिंदू तक्त्यातल्या आकड्यावरून. ‘हा बघा, हा इथे असा जातो’ असं बोलायचं नाही. रेकॉर्डिंग नुसतं ऐकणाऱ्याला, प्रवासात कानाला लावून बसलेल्याला, किंवा ज्याला पडदा दिसतच नाही त्याला ‘इथे’ म्हणजे काय कळणार? ‘चौथ्या नगापर्यंत सीमांत खर्च सरासरी एकूण खर्चाच्या खाली आहे, म्हणून सरासरी उतरते. पाचव्या नगाचा खर्च ५०, तो आधीच्या ४५ सरासरीहून जास्त, म्हणून सरासरी ४६ होते’ असं पूर्ण वाक्यात सांगावं लागतं. ही शिस्त पडद्याने लावली आहे आणि ती फायद्याचीच आहे. जे वाक्यात सांगता येतं ते विद्यार्थ्याला नंतर लिहिताही येतं.

वक्रांवरून एक गोष्ट मी दरवर्षी सांगते. १९३१ साली जेकब व्हायनर यांनी खर्चाचे आणि पुरवठ्याचे वक्र यांवर एक लेख लिहिला. आज आपण शिकवतो त्या बहुतेक आकृत्यांचं मूळ त्या लेखात आहे. दीर्घकाळाचा, म्हणजे कारखान्याचा आकारही बदलता येतो तेव्हाचा, सरासरी खर्च दाखवण्यासाठी त्यांना असा वक्र हवा होता की जो प्रत्येक अल्पकालीन ‘यू’च्या (एका ठरावीक आकाराच्या कारखान्याच्या सरासरी खर्चाच्या वक्राच्या) तळाच्या बिंदूतून जाईल आणि कोणत्याही ‘यू’च्या वर जाणार नाही. आकृत्या काढून देणाऱ्या वाय. के. वोंग यांनी सांगितलं की असा वक्र काढता येत नाही. व्हायनर यांनी तळाच्या बिंदूंचा आग्रह धरला आणि लेख तसाच छापला गेला. पुढे १९५०मध्ये लेखाला जोडलेल्या टिपणात त्यांनी चूक मोकळेपणाने मान्य केली आणि आकृती मात्र मुद्दाम बदलली नाही. पुढच्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना ती चूक दाखवून देण्याचा आनंद मिळावा, असं कारण दिलं.

तो आनंद मी माझ्या वर्गाला देते. स्क्रीनवर वाढत्या आकाराच्या तीन कारखान्यांचे तीन ‘यू’ काढून देते, प्रत्येकाचा तळ आधीच्यापेक्षा खाली. मग वोंगना दिलेलं काम विद्यार्थ्यांना देते. त्यांच्या रेघा एकमेकांवर उमटत जातात. तळातून जाणारी प्रत्येक रेघ कुठे ना कुठे एखाद्या ‘यू’च्या वर चढलेली दिसते. नुसती स्पर्श करणारी रेघ काढली तर ती मोठ्या आकाराकडे उतरत असताना ‘यू’च्या डाव्या, उतरत्या अंगाला टेकते, तळाला नाही. भूमितीच्या मागे असलेला अर्थ तासभर बोलण्यासारखा आहे: लहान कारखाना त्याच्या सर्वोत्तम पातळीवर चालवण्यापेक्षा थोडा मोठा कारखाना घेऊन तो पूर्ण क्षमतेच्या खाली चालवणं स्वस्त पडू शकतं. अर्धवट वापरलेली यंत्रं दिसली की उधळपट्टी, असं समजणाऱ्याला हे वाक्य खूप काही शिकवतं.

अल्पकाळ आणि दीर्घकाळ म्हणजे किती महिने, हा प्रश्न ठरलेला असतो. अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली ही विभागणी रूढ केली ती कॅलेंडरवर नव्हे. काय बदलता येतं आणि काय नाही, यावर ती आहे. वीजकेंद्राचा अल्पकाळ वर्षांचा असतो, भाड्याच्या टेबलावर संगणक घेऊन बसलेल्याचा काही दिवसांचा. यापेक्षा जास्त मी त्यावर बोलत नाही.

जास्त बोलायला लागतं ते एका वेगळ्या शंकेवर. ऑनलाइन वर्गात नोकरी-धंदा सांभाळून शिकणारे प्रौढ विद्यार्थी असतात आणि त्यांच्याकडे पुस्तकाबाहेरचा अनुभव असतो. त्यांतलं कोणीतरी हमखास विचारतं, “मॅडम, आमच्याकडे जास्त माल काढला तर खर्च वाढत नाही. कच्चा माल तेवढाच लागतो, वेळ तेवढाच लागतो. हा सीमांत खर्च चढतो कुठे?” स्थिर खर्च जास्त नगांवर विभागला जातो म्हणून तसं वाटतं, असं सांगून मी आधी तपासते. पण अनेकदा तो विद्यार्थी सीमांत खर्चाबद्दलच बोलत असतो आणि त्याचं म्हणणं बरोबर असतं. त्याला घटत्या फलाचा नियम (तेवढ्याच यंत्रांवर आणखी माणसं लावत गेलं की प्रत्येकाची भर कमी होत जाते) पुन्हा ऐकवून गप्प करणं मला अप्रामाणिक वाटतं. पिएरो स्राफा यांनी १९२६ सालीच लिहिलं होतं की रोजच्या अनुभवात बहुतेक उत्पादकांना जास्त उत्पादन करण्यापासून वाढता खर्च अडवत नाही. चालू किमतीला आणखी माल खपत नाही, ही त्यांची अडचण असते. अॅलन ब्लाइंडर यांनी अमेरिकेतल्या कंपन्यांना प्रत्यक्ष विचारून केलेलं सर्वेक्षण १९९८ साली पुस्तकरूपाने आलं, त्यातही सीमांत खर्च चढता असल्याचं सांगणाऱ्या कंपन्या थोड्याच निघाल्या. यंत्रं आणि माणसं पूर्ण भरेपर्यंत खर्च सपाट, आणि मग एकदम भिंत, असं चित्र अनेक उद्योगांत जास्त खरं आहे.

मग वर चढणारा पुरवठा वक्र खोटा का? माझं उत्तर वीजबाजारात आहे. अनेक देशांत वीजकेंद्रं स्वस्त ते महाग अशा क्रमाने बाजारात येतात. वारा आणि ऊन यांना इंधन लागत नाही, त्यांचा सीमांत खर्च जवळपास शून्य. मग अणुकेंद्रं, मग कोळसा आणि वायू, आणि अगदी शेवटी तेलावर चालणारी केंद्रं. कोळसा आधी की वायू, हे इंधनाच्या भावावर ठरतं. प्रत्येकाची पायरी जवळजवळ सपाट, तरी सगळ्या मिळून रेघ चढती. आमच्या खेळातल्या पायऱ्याच त्या. चढ एका कारखान्याच्या आत शोधण्याऐवजी कारखान्याकारखान्यांतल्या फरकात शोधला की स्राफांच्या शंकेचा एक भाग तरी सुटतो. दुसरा भाग सुटत नाही. सपाट खर्चाची उत्पादनसंस्था मागणीच्या अभावी थांबत असेल, तर ती ‘किंमत स्वीकारणारी’, म्हणजे बाजारभावाला हवा तेवढा माल विकू शकणारी, राहत नाही आणि मग तिला पुरवठा वक्रच उरत नाही. हे मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सांगते. त्यांचा गोंधळ होईल, असं काही सहकारी म्हणतात. मला वाटतं, पूर्ण स्पर्धेची गृहीतकं कशासाठी होती हे त्यांना पहिल्यांदा इथे कळतं.

याच वीजबाजारात कधी कधी काही तासांसाठी किंमत शून्याच्या खाली जाते. केंद्र बंद करून पुन्हा सुरू करण्यात एवढा खर्च असतो की वीज घेऊन जाणाऱ्यालाच पैसे दिलेले परवडतात. काचेची सपाट तावदानं ओतणारी भट्टी वर्षानुवर्षं अखंड धगधगत ठेवतात, आणि अॅल्युमिनियम तयार करणाऱ्या कारखान्यांतल्या भांड्यांना काही तास वीज मिळाली नाही तर आतला धातू गोठून भांडी निकामी होऊ शकतात. ‘किंमत सरासरी बदलत्या खर्चाच्या खाली गेली की बंद करा’ या नियमात एक शब्दही न लिहिलेलं गृहीतक आहे: बंद करणं आणि पुन्हा सुरू करणं फुकट आहे. तक्त्यातल्या उत्पादनसंस्थेला ते फुकट होतं.

परीक्षा पुस्तक उघडं ठेवूनच घ्यायची, कारण घरी बसलेल्या विद्यार्थ्याच्या हातून पुस्तक काढून घेता येत नाही आणि घ्यायची गरजही नाही. मी तोच जुना तक्ता देते आणि लिहिते: किंमत ४० आहे, मालक म्हणतो, “दर नगामागे ५ जातात, मी बंद करतो.” त्याला सल्ला देण्याआधी तुम्ही कोणते प्रश्न विचाराल, आणि प्रत्येक उत्तरानुसार तुमचा सल्ला कसा बदलेल? गुण प्रश्नांना आहेत. बंद केल्यावर ६०पैकी किती वाचतील? पुन्हा सुरू करायला काय लागेल? किंमत किती काळ अशी राहील असं वाटतं? हीच जागा, हाच वेळ दुसरीकडे लावला तर काय मिळेल? एका विद्यार्थिनीने फक्त एक प्रश्न लिहिला होता: “जागेचा करार कधी संपतो?” आणि खाली दोन ओळींत उत्तर: पुढच्या महिन्यात संपत असेल तर तोवर चार नग करत राहा आणि करार पुन्हा करू नका, पाच वर्षांनी संपत असेल तर ती जागा कोणी भाड्याने घेईल का ते आधी बघा, कारण घेत असेल तर तुमचे ६० स्थिर नाहीतच. अल्पकाळ, दीर्घकाळ, बुडीत खर्च आणि संधीखर्च यांपैकी एकही शब्द तिने वापरला नव्हता. मी तिला पूर्ण गुण दिले.